स्टिअरिंगखालचं कुंकू

"यंत्रेश्वर महाराज की..."

"जय!"

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या वसाहतीतल्या क्लबहाउससमोर शनिवारी सकाळी इतक्या गाड्या जमल्या होत्या की शेवटच्या रांगेतल्या थेट गवतावर चढल्या. प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ. दसरा होऊन तीन महिने लोटले होते. जानेवारीची थंडी कानाला झोंबत होती, तरी लोक जाड जॅकेटवर उपरणी घेऊन हात जोडून उभे होते. त्यांतला कोणी बँकेचा डेटाबेस सांभाळणारा, कोणी औषध कंपनीत आकडे तपासणारी. एरवी पुराव्याशिवाय एक ओळ पुढे सरकू न देणारी ही मंडळी आज भगव्या लोकरी टोपीतल्या एका माणसाकडे डोळे लावून होती.

"यंत्राला आत्मा नसतो, असं कोण म्हणतो?" महाराज गरजले. "तुमचा फोन रुसत नाही? वायफाय दुपारचं झोपत नाही? मग! अरे बेटा, कार आणि कर्म एकाच धातूतून आलेत!"

टाळ्या पडल्या. संस्कृतच्या कुठल्याही मास्तरानं डोक्याला हात लावला असता, पण तिथे संस्कृतचा मास्तर नव्हता. विज्ञानाचा होता. इचलकरंजीच्या शाळेत उभा जन्म मुलांना शिकवलेले गुरुनाथराव मागच्या बाजूला नातीचा हात धरून उभे होते. पत्नी गेल्यावर ते मुलाकडे, केदारकडे, राहायला आले होते. दहा वर्षांची रुही त्यांच्या कोटाला टेकली होती.

"आबा, डोकं हर्ट होतंय."

"परत? सकाळी उठलीस तेव्हा दुखत होतं?"

"नो. इथे येताना सुरू झालं."

तेवढ्यात केदारच्या गाडीचा नंबर लागला. गाडी म्हणजे जुनी मिनीव्हॅन, मिशिगनला असताना घेतलेली. तिकडे हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचं लोखंड खातं. या व्हॅनचा 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा दोन महिने पेटलेला होता. दिवा पेटलेला असला की गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. गॅरेजवाल्यानं एक सेन्सर बदलून दिला, चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर.

"गाडीला झोपव," महाराज म्हणाले. केदारनं इंजिन बंद केलं. "आता नुसती चावी फिरव. इंजिन नको. तिचे डोळे उघडे पाहिजेत, तोंड बंद."

महाराजांचा शिष्य मनोहर कुंकवाचं तबक घेऊन गाडीत बसला. एका हातात फोन होता, कारण तो म्हणे सगळ्याचं शूटिंग करायचा. दुसऱ्या हातानं तो वाकून स्टिअरिंगखाली कुंकू लावू लागला. बराच वेळ लावत होता. मग उतरून त्यानं महाराजांच्या कपाळावर टिळा रेखला आणि रेखता रेखता कानाशी काहीतरी पुटपुटला.

महाराजांनी डोळे मिटले. बॉनेटवर तळवा ठेवला.

"प्राण!" ते एकदम ओरडले. "हिचा प्राण कोंडलाय! श्वास जातोय, पण मोजला जात नाहीये. ऑक्सिजन, बेटा, ऑक्सिजन!"

केदारचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, गॅरेजवाल्यानं ऑक्सिजन सेन्सरच सांगितला होता! मी महाराजांना एक शब्द बोललो नव्हतो. शपथ!"

गर्दीतून 'अहाहा'ची लाट गेली. महाराजांनी घंटा वाजवली, मनोहर पुन्हा गाडीत वाकला, फोनवर त्याचा अंगठा हलला.

"आता जागी कर!"

केदारनं इंजिन सुरू केलं. पिवळा दिवा गेला होता.

बायकांनी हात जोडले. केदारचा मित्र प्रताप, ज्याच्या घरी महाराज उतरले होते, त्यानं गुरुनाथरावांच्या पाठीवर थाप मारली. "काका, आता काय म्हणणार तुमचं सायन्स?"

"सायन्स काही म्हणत नाही रे," गुरुनाथराव म्हणाले. "ते आधी बघतं."

निघताना केदारनं रुहीच्या डोकेदुखीचं सांगितलं. महाराजांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "गाडीचा दोष पोरीवर उतरत होता. गाडीत असताना खिडक्या बंद ठेवत जा. आता आलेला प्राण बाहेर निसटता कामा नये."

*

त्याच दुपारी केदार तपासणीला गेला. बरोबर गुरुनाथरावही होते. अमेरिकेत ते गाडी चालवत नसत, त्यामुळे नेहमीच व्हॅनच्या मागच्या सीटवर. तपासणारा माणूस यंत्र लावून पाहत म्हणाला, "दिवा बंद आहे खरा, पण गाडीच्या कॉम्प्युटरची मेमरी कोरी आहे. कोणीतरी नुकतीच पुसलीय. काही दिवस चालवा, मग या."

"ऐकलंत बाबा?" केदारचे डोळे चमकले. "मेमरी ब्लँक! महाराज म्हणालेच होते, गाडीचं पूर्वसंचित पुसतो म्हणून!" आणि तो ही बातमी प्रतापला कळवायला फोन घेऊन बाहेर गेला.

गुरुनाथरावांनी त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत त्या माणसाला विचारलं, "ही मेमरी पुसायला काय लागतं?"

त्यानं अंगठ्याएवढी जागा दाखवली. "एवढंसं यंत्र. इथे, स्टिअरिंगखाली लागतं. बाकी फोनवर होतं. बिघाडाचा कोड वाचता येतो, पुसताही येतो."

गुरुनाथरावांनी बाहेर पाहिलं. मुलगा बाहेर लहान पोरासारखा हसत होता. गेले कित्येक महिने तो असा हसला नव्हता. त्याच्या ऑफिसात माणसं कमी करणं चाललं होतं, व्हिसा नोकरीला बांधलेला, झोप उडालेली. एकदा तो म्हणालाही होता, "बाबा, चारी बाजूंनी लाल-पिवळे दिवे लागलेत हो. निदान एक तरी विझू दे." त्या पोराच्या हातातलं हे एवढंसं सुख कसं हिसकावून घ्यायचं? आणि घरात आपण कोण? मुलाच्या घरी राहणारा म्हातारा. ते मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले. घरी पोहोचेपर्यंत त्यांचंही डोकं जड झालं. वय झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

गुरुवारी दिवा परत पेटला.

केदारनं महाराजांना फोन केला आणि खाली मान घालून स्वयंपाकघरात आला. "घरात कोणाचीतरी श्रद्धा कमी पडतेय, असं म्हणाले."

"कोणाची?" त्याच्या बायकोनं, आसावरीनं विचारलं.

केदारची नजर वडिलांवर गेली. "बाबा, तुम्ही त्या दिवशी प्रसादही घेतला नाहीत."

"खवा होता रे. मला पचत नाही."

"तुम्हाला सगळ्याची चेष्टा! शनिवारी महाराज इथे येतील, गाडीवर पुन्हा संस्कार करतील, मग आपण सगळे त्यांच्यामागून अटलांटाला आश्रमात जायचं. व्हॅन घेऊन. सहा तासांचा रस्ता आहे. रुहीचं डोकंही तिथेच बरं होईल."

सहा तासांचा हा प्रवास गुरुनाथरावांना नकोसा वाटला. का ते त्यांना लगेच सांगता आलं नसतं.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर रुही सोफ्यावर आडवी झाली. ओठ कोरडे, चेहरा मलूल. वाटेत तिला उलटी झाली होती. आता तर डॉक्टरही चष्म्याचा नंबर पाहा, असं सांगून मोकळे झाले होते. गुरुनाथराव तिच्याजवळ बसले. वर्गातल्या मुलांना विचारत तसंच त्यांनी विचारलं.

"रुही, डोकं कधी दुखतं ते सगळे विचारतात. मला सांग, कधी दुखत नाही?"

रुहीनं डोळे मिटून विचार केला. "स्कूलमध्ये नाही. लायब्ररीत नाही. मम्माच्या छोट्या कारमध्ये पण नाही."

"मग?"

"व्हॅनमध्ये. पप्पा हीटर लावतो ना, तेव्हा." ती थांबली. "आबा, समरमध्ये नव्हतं दुखत. तेव्हा विंडोज ओपन असायच्या."

गुरुनाथराव उठले. शनिवारी आपलं डोकं जड झालं ते वयानं नव्हे, हे त्यांना आता स्वच्छ दिसलं.

आसावरी ओट्यापाशी भाजी चिरत होती. ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करी. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हीच तिची नोकरी.

"आसावरी, तुमच्या इथे चूक निघाली आणि कोणी ती दुरुस्त न करता नोंदच पुसून टाकली, तर?"

"लॉग पुसला?" ती हसली. "त्याला मी उभा सोलेन, बाबा. लॉग पुसून बग जातो होय? दोन दिवसांनी परत येणार. आणि..."

सुरी थांबली.

"परत आला," ती हळूच म्हणाली. "गुरुवारी." मग तिनं कपाळाला हात लावला. "रोज ऑफिसात हेच तर ओरडत असते मी. घरी आले की काय होतं मला?"

"घरी पोरगी आजारी आहे, होतं असं. पण दिवा राहू दे, त्याहून मोठी भीती आहे." आणि त्यांनी रुहीनं सांगितलेलं सांगितलं.

आसावरीनं सुरी खाली ठेवली. "केदारला आत्ताच सांगू या."

"नुसतं सांगितलं तर त्याला वाटेल, म्हाताऱ्यानं तुझे कान भरले. त्याला दिसलं पाहिजे. तोवर रुही त्या गाडीत पाय ठेवणार नाही. केदारही नाही. किल्ली माझ्याकडे दे."

संध्याकाळी ती सासऱ्यांना आणि रुहीला आपल्या छोट्या गाडीतून पार्ट्सच्या दुकानात घेऊन गेली. तिथे कोड वाचायचं अंगठ्याएवढं यंत्र मिळालं. ते कुठे लावायचं हे दुकानातल्या मुलीनं दाखवलं, तेव्हा रुही ओरडली, "आबा, मनोहर काका तिथेच कुंकू लावत होता!"

*

शनिवारी सकाळी केदारच्या घरासमोर पाचसहा कुटुंबं जमली. व्हॅन रात्रभर दारात उभी राहून गारठली होती, काचांवर हिम जमलं होतं. महाराज आले. आरती झाल्यावर गुरुनाथरावांनी व्हॅनची किल्ली केदारच्या हातात दिली. मनोहर तबक घेऊन गाडीत बसला आणि वाकला.

वाकलेलाच राहिला. मग खाटखूट आवाज आला. मग त्याचं लालबुंद तोंड बाहेर आलं.

"इथे टेप कोणी लावली?"

"मी," गुरुनाथराव म्हणाले. "का हो? कुंकवाला टेपची काय अडचण?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मनोहरनं महाराजांकडे पाहिलं.

"काका, प्लीज हां," प्रताप पुढे आला. "पाहुण्यांचा अपमान नको."

"अपमान कसला? महाराजांचा हात बॉनेटवर असतो, शक्ती त्यांची. खालचं भोक झाकलेलं असलं म्हणून ती अडते थोडीच? होऊ दे ना."

महाराजांनी घंटा वाजवली. बराच वेळ वाजवली. "जागी कर!"

केदारनं इंजिन सुरू केलं. पिवळा दिवा तसाच.

"वातावरण दूषित आहे," महाराज गुरुनाथरावांकडे बोट रोखून म्हणाले. "नास्तिकाच्या दारात प्राण थांबत नाही!"

"बरं, मग आस्तिक उभी करतो," गुरुनाथराव म्हणाले. "रुही, तुझी बाप्पावर श्रद्धा आहे ना?"

"यस, आबा."

"केदार, इंजिन बंद कर. नुसती चावी ठेव." आसावरीनं टेप काढली, यंत्र लावलं आणि फोन लेकीच्या हातात दिला. रुहीनं आधी मोठ्यानं वाचलं, "ऑक्सिजन सेन्सर." मग तिनं नाट्यमय पद्धतीनं डोळे मिटले, हवेत हात फिरवला आणि 'पुसा' असा अर्थ असलेल्या बटणावर बोट ठेवलं.

"जागी कर, पप्पा!"

इंजिन सुरू झालं. दिवा नव्हता.

हशा पिकला. लहान मुलं "रुही महाराज की जय!" म्हणून उड्या मारू लागली. एकटा केदार हसला नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता. वडिलांना त्याच्याकडे बघवेना.

"इंजिन बंद कर, बाळ," ते म्हणाले. "दिवा कसा विझवतात ते दिसलं. ते सोपं आहे. दिवा का लागतो, ते बघू या. हसण्यासारखं नाही ते."

आसावरीनं गॅरेजमधून पानं उडवायचा ब्लोअर आणला. गुरुनाथरावांनी भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भरला होता. मुलं आपसूक त्यांच्याभोवती गोळा झाली.

"सांगा पाहू, सायकलची ट्यूब पंक्चर झाली तर भोक कसं शोधता?"

"बबल्स!" दोघीतिघी ओरडल्या.

"शाब्बास. इंजिनाचा धूर या लोखंडी नळ्यांतून मागे जातो. वाटेत एक नाक बसवलंय. ते धूर हुंगतं, त्यात ऑक्सिजन किती उरलाय ते कॉम्प्युटरला सांगतं. तोच हा ऑक्सिजन सेन्सर. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. आता मागून हवा भरू आणि इथे साबण मारू."

इंजिन क्षणभरच चाललं होतं, नळ्या जेमतेम कोमट होत्या. आसावरीनं धुराड्याला ब्लोअर लावला. गुरुनाथराव बॉनेटखाली साबणाचं पाणी फवारत गेले. पहिला सांधा कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्या जागी, गंजानं तांबूस झालेल्या वळणावर, बोटभर चिरेतून फुगे आले. एक, मग पुंजका, मग फेसाचं फूल.

"फुटलीय," प्रताप नकळत म्हणाला.

"नाकाच्या आधीच फुटलीय. चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. नाक म्हणतं, ऑक्सिजन फार आहे. कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओततो. नाक खोटं बोलत नव्हतं. पहिल्यांदा आपण ते बदललं, दुसऱ्यांदा त्यानं सांगितलेलं पुसलं. चीर कोणी पाहिलीच नाही." ते थांबले. "आणि चिरेतून हवा आत जाते, तसा धूरही बाहेर येतो. न जळलेल्या पेट्रोलाचा, विषारी. हीटर तो कुठे नेतो?"

गुरुनाथरावांनी घरातल्या भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काढून आणला होता. छोट्या पडद्यावर शून्य दिसत होतं. तो त्यांनी रुहीच्या सीटवर ठेवला. केदारनं इंजिन आणि हीटर सुरू केला, बाहेर येऊन दार लावलं. खिडक्या बंद, जशा महाराजांनी सांगितल्या होत्या तशा. सगळे काचेबाहेर उभे.

शून्य. शून्य. मग आकडा हलला. मग चढू लागला. दहाच्या पुढे गेला, पन्नासच्या पुढे गेला, आणि थांबेना. शेवटी अलार्म किंचाळला, बंद काचेतूनही कानठळ्या बसतील असा.

केदारनं दार उघडून चावी काढली आणि तिथेच फरशीवर बसला. "मी तिला रोज यातून न्यायचो, बाबा. खिडक्या बंद करून. माझंही डोकं जड व्हायचं, मला वाटायचं टेन्शन आहे. आज सहा तास नेणार होतो."

गुरुनाथरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच. 'मला तेव्हाच शंका आली होती' हे वाक्य त्यांनी गिळलं. असल्या वेळी ते कोणाच्याही उपयोगाचं नसतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा महाराजांची गाडी वळणापाशी दिसेनाशी होत होती. तिच्या पुढच्या चाकाखालचं लिंबू तेवढं रस्त्यावर चिरडून पडलं होतं.

*

रुहीला त्याच दिवशी तपासून आणलं. शुक्रवारपासून ती व्हॅनमध्ये बसली नव्हती, त्यामुळे रक्तातला विषारी वायू निघून गेला होता; वेळेवर थांबलात, असं डॉक्टर म्हणाले. आता तिचं डोकं दुखत नाही. व्हॅन ओढून नेली, फुटलेली नळी बदलली, दिवा आपोआप गेला तो गेलाच. कोणी पुसला नाही.

सगळं गोड झालं, असं मात्र नाही. प्रताप अजून केदारशी नीट बोलत नाही. महाराजांनी पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात गाड्यांचे संस्कार ठेवलेत आणि मॉरिसव्हिलमधलीही दोन कुटुंबं जाणार आहेत. केदारच्या ऑफिसातले दिवे अजून विझलेले नाहीत. कधीकधी जेवताना तो मध्येच थांबून लेकीकडे बघत बसतो.

गेल्या रविवारी वसाहतीतल्या मुलांच्या मराठी शाळेत गुरुनाथरावांनी गॅरेजच्या खोक्यातला एक काळवंडलेला तुकडा मुलांपुढे ठेवला. गॅरेजवाल्यानं काढून दिलेला जुना सेन्सर.

"आबा, मग हा गुड होता?" रुहीनं विचारलं.

"अगदी चांगला होता. बिचारा जीव तोडून खरं सांगत होता."

मुलं तो हातोहात फिरवून पाहू लागली. गुरुनाथराव त्यांना म्हणाले, आणि ते मोठ्यांनीही ऐकावं असं आहे:

"दिवा भीती घालायला लागत नाही, सांगायला लागतो. जो नुसता दिवा विझवून दाखवतो, त्याला नमस्कार करण्याआधी एक प्रश्न विचारा: दिवा लागला का होता? उत्तर दिलं तर ऐका. तुमच्या श्रद्धेवर घसरला, तर खिडकी उघडा आणि आधी आपलं लेकरू बाहेर काढा."